आवाज आहे, पण गाणं कुणाचं?

(या एपिसोडचं हे शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.)

हेडफोन लावलेत ना? कारण आज मी मधेमधे सांगणार आहे, अमुक गाणं शोधा, तमुक ऐका. एपिसोड थांबवून ऐकलंत तरी चालेल. मी कुठे जात नाही.

आजचा विषय आहे लेबनॉनचं पॉप संगीत आणि त्यातले नवे गायक. आणि सोबत एक प्रश्न, जो खरं तर कुठल्याही नव्या गायकाला विचारता येतो. तुझा आवाज छान आहे, मान्य. पण हे गाणं तुझं आहे का?

आधी तो देश डोळ्यांसमोर आणू. लेबनॉनचं क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर. आपला एकटा पुणे जिल्हा त्याच्या दीडपट भरतो. लोकसंख्या पन्नास-पंचावन्न लाखांच्या घरात. आणि एवढ्याशा देशातून इतके गायक आलेत की मोरोक्कोपासून इराकपर्यंत लग्नात, टॅक्सीत, कॅफेत त्यांचेच आवाज ऐकू येतात. म्हणजे टॅलेंटची वानवा नाही. तरी तक्रार ऐकू येतेच: नवे सगळे एकसारखे गातात. एकाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर टाकलं तर कळणार पण नाही.

ही तक्रार खरी आहे का? मला वाटतं अर्धी खरी आहे. आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे.

सुरुवात एका कोड्यापासून करू. 1961 मध्ये 'छाया' नावाचा हिंदी सिनेमा आला होता. त्यात तलत मेहमूद आणि लता मंगेशकरांचं एक द्वंद्वगीत आहे, संगीत सलिल चौधरींचं. तुमच्या आजीला विचारा, तिला पाठ असेल. त्याची चाल मोझार्टच्या 40व्या सिंफनीवरून घेतलेली आहे. आता मुंबईहून बैरूतला चला. फैरूझ नावाच्या गायिकेचं 'या अना या अना' हे गाणं शोधा आणि लावा. तीच सुरावट! तोच मोझार्ट! इथे चाल घेतली रहबानी बंधूंनी, आसी आणि मन्सूर यांनी. फैरूझचंच 'ली बैरूत' ऐका. त्याची चाल स्पेनच्या रोद्रिगोच्या गिटार कॉन्चेर्तोवरून आली आहे.

मग काय, चोरी म्हणायची? लेबनॉनमध्ये अस्सल कोण असं विचारलं तर लोक पहिलं नाव फैरूझचं घेतात. आणि तिची दोन गाजलेली गाणी चक्क युरोपातून आलेली. हे जमतं कसं?

जमतं, कारण त्या गाण्यांत उसनी गोष्ट फक्त चाल आहे. बाकीचं घर त्यांचं स्वतःचं आहे. तो काळ बघा. अरबी संगीताची राजधानी तेव्हा कैरो. तिथे उम्म कुलसूम गायची, एकेक गाणं तासभर चालायचं. बैरूतच्या या लोकांनी ठरवलं, आपली गाणी तीन-चार मिनिटांची. भाषा डोंगरातल्या खेड्यांत बोलतात ती. विषय गावातली विहीर, वाट, चंद्र, परत न आलेला माणूस. ताल दब्केचा, म्हणजे हातात हात धरून जमिनीवर पाय आपटत करतात त्या नाचाचा. आणि या सगळ्याला व्हायोलिन-पियानोचा ऑर्केस्ट्रा. 1957 पासून बालबेकच्या रोमन देवळांच्या अवशेषांत भरणाऱ्या महोत्सवात हे सगळं लोकांसमोर उभं राहिलं. अशा घरात मोझार्ट आला तो पाहुणा म्हणून आला. घरमालक झाला नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं: अस्सलपणा मोजताना 'चाल कुठून घेतली' हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, उसनं घेतलेलं काढून ठेवलं तर मागे काय उरतं? फैरूझच्या गाण्यातून मोझार्ट काढा, फैरूझ उरते. कित्येक नव्या गाण्यांतून ट्रेंडमधला बीट काढला तर काही म्हणजे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट. फैरूझ तिची गाणी स्वतः लिहायची नाही, चालीही बांधायची नाही. अहो, नावसुद्धा तिचं नव्हतं. मूळ नाव नुहाद हद्दाद. रेडिओवर कोरसमध्ये गायची. संगीतकार हलीम अल-रूमी यांनी तिचा आवाज हेरला आणि नाव दिलं फैरूझ, म्हणजे पिरोजा, तो निळसर हिरवा खडा. आवाज तिचा, नाव हलीम यांचं, शब्द आणि चाली प्रामुख्याने रहबानींच्या. पुढे मुलगा झियाद आला. 1973 मध्ये वडील आसी आजारी असताना सतरा वर्षांच्या झियादने आईसाठी 'सअलूनी अन-नास' ला चाल दिली. आणि 1991 मध्ये त्याने तिला 'किफक इन्ता' गायला लावलं, म्हणजे 'कसा आहेस तू?' साधं, रस्त्यात भेटल्यावर बोलतात तसं. लोक चिडले! ज्या बाईला त्यांनी मखरात बसवलं होतं, ती एकदम शेजारणीसारखी बोलायला लागली. आज ते गाणं तिच्या सगळ्यात लाडक्या गाण्यांत धरतात. झियाद 2025 च्या जुलैमध्ये गेला.

मुद्दा लक्षात आला ना? अस्सलपणा एकट्या गळ्यात नसतो. गळ्याभोवती माणसं लागतात. लिहिणारा लागतो, चाल बांधणारा लागतो, 'हे नको, हे जुनं झालं' असं तोंडावर सांगणारा लागतो.

आता नव्या गायकांकडे येऊ. लेबनॉनमध्ये नवा गायक बनायचा राजमार्ग कुठला? टीव्हीवरची स्पर्धा. आणि ही आजची गोष्ट नाही. 1972 मध्ये सिमोन अस्मर यांनी 'स्टुडिओ एल फन' हा कार्यक्रम सुरू केला. यादी ऐका: माजिदा अल-रूमी, राघिब अलामा, नवाल अल-झोग्बी, वाएल कफूरी. सगळे या एका कार्यक्रमातून पुढे आले. दुसरी कुठली फॅक्टरी असा रिझल्ट देते सांगा!

पण स्पर्धेत गायचं काय? दुसऱ्याचं गाणं. माजिदा 1974 मध्ये उतरली तेव्हा ती अस्महानचं गाणं गायली. अस्महान तर 1944 मध्येच गेलेली. यात चूक काही नाही. परीक्षकाला मोजायला पट्टी लागते, आणि जुनं अवघड गाणं ही चांगली पट्टी आहे. स्वर लागतो का, दम पुरतो का, हरकत साफ येते का, सगळं कळतं. फक्त एक गोष्ट कळत नाही. या मुलीला स्वतःचं काय म्हणायचंय, ते. कारण ते तिला कुणी विचारलेलंच नसतं.

माजिदाचं नशीब थोर, की तिच्याभोवती माणसं होती. फैरूझला नाव देणारे हलीम अल-रूमी, ते हिचे वडील. पुढे निझार कब्बानींसारख्या कवीची कविता तिला गायला मिळाली, 'कलिमात' हे गाणं त्यातूनच झालं. म्हणजे स्पर्धेने आवाज दाखवला आणि मंडळींनी गाणं दिलं. दोन वेगळी कामं आहेत ही.

मग 2003 येतं. 'सुपर स्टार' आणि 'स्टार अकॅडमी' हे परदेशी साच्यातले शो बैरूतहून सगळ्या अरब जगात दिसायला लागतात. लोक मोबाईलवरून मतं देतात. 'सुपर स्टार'च्या पहिल्या सीझनमध्ये लेबनॉनचा मेल्हम झैन उपांत्य फेरीत बाहेर पडला तेव्हा बैरूतमध्ये लोकांनी गोंधळ घातला. इतकी चुरस! मेल्हम जिंकला नाही आणि तरीही मोठा गायक झाला. स्पर्धेचा निकाल आणि गायकाचं भविष्य यांचा संबंध किती, ते यावरून बघा.

पण आता खरा ताण सुरू झाला, पैशाचा. लेबनॉनची बाजारपेठ लहान. गाणं चालायला हवं ते इजिप्तमध्ये, कारण तिथे माणसं जास्त. आणि आखाती देशांत, कारण तिथे पैसा जास्त. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या, सॅटेलाइट चॅनल, लग्नाच्या सुपाऱ्या, सगळं तिकडे. मग लेबनीज गायक इजिप्तच्या बोलीत गातो, आखाती बोलीत गातो. विचार करा, नव्या मुलाने रेकॉर्डिंगच्या पहिल्याच दिवशी आपली बोली दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची.

आता इथे नॅन्सी अज्रमला शिव्या घालायची पद्धत आहे. मी घालणार नाही. 2003 चं तिचं 'अखास्मक आह' बघा. बोली इजिप्तची, आणि व्हिडिओत ती एका जुन्या वळणाच्या कॅफेची मालकीण. व्हिडिओ केला होता नदीन लबाकीने. हीच लबाकी पुढे 'कॅपरनॉम' सिनेमा करते आणि 2018 मध्ये कानला ज्युरी प्राइझ घेते. त्या व्हिडिओत एक व्यक्तिरेखा होती, मिश्कीलपणा होता, आधी कुणी न केलेलं काहीतरी होतं. अडचण नॅन्सीची नाही. अडचण तिच्यानंतर आलेल्या 'पुढच्या नॅन्सीं'ची आहे. कारण एकदा एक गोष्ट चालली की पैसा लावणारा म्हणतो, अजून एक अशीच द्या.

आता जरा कानाचं काम करू. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

हार्मोनियमवर कोमल ग आणि शुद्ध ग शेजारी शेजारी असतात. मधे काही नाही. पण अरबी संगीतात रास्त नावाचा मकाम आहे. मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी चौकट समजा. त्यातला ग या दोन्हींच्या मधोमध असतो. ना कोमल, ना शुद्ध. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, बेसूर झालं की काय! मग कान सरावतो, आणि नंतर तो स्वर नसला की जेवणात मीठ नसल्यासारखं होतं.

हा स्वर पियानोत नाही. म्हणून बैरूतच्या अब्दल्ला शाहीन नावाच्या गृहस्थांनी 1950 च्या दशकात असे मधले स्वरही वाजतील असा पियानो घडवला. झैना अबिराशेद ही चित्रकादंबऱ्या करणारी लेखिका त्यांची पणती. तिने या पियानोवर पुस्तक केलंय. मला ही गोष्ट फार आवडते. बाहेरचं वाद्य घेतलं, पण आपला स्वर सोडला नाही. वाद्यालाच वळवलं.

आता याच्या उलट काय होतं ते बघा. ऑटोट्यून तुम्हाला माहीत आहे. नेहमीच्या बारा स्वरांवर सेट करून ठेवलं, तर तो मधला ग त्याला चूक वाटतो. तो त्याला ढकलून कोमलवर नेतो किंवा शुद्धवर. सेटिंग बदलता येतं, नाही असं नाही, पण बदलायचं कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. म्हणून नवं लेबनीज गाणं लावलंत की एवढं करा: तो मधला स्वर आहे का, शोधा. तो सगळ्याच मकामांत नसतो, सगळ्या गाण्यांत असायलाच हवा असं नाही. पण दहा गाणी ऐकून एकदाही सापडला नाही, तर समजा इथे कुणीतरी इस्त्री फिरवली आहे.

आणि एक गोष्ट, जी थेट तुमच्या-माझ्याशी संबंधित आहे. मव्वाल. ताल सुरू व्हायच्या आधी गायक मोकळेपणाने शब्द घेऊन आळवतो, त्याला मव्वाल म्हणतात. वदी अस्-साफींचे ऐका, अंगावर काटा येतो. मव्वाल तिथल्या तिथे सुचतो. गायकात स्वतःचं काय आहे, ते तिथे लपून राहत नाही. आता स्पॉटिफायचा हिशोब बघा: तीस सेकंद ऐकलं तर गाणं 'वाजलं' असं मोजतात. म्हणजे निर्मात्याने काय करायचं? पहिल्या दहा सेकंदांत बीट सुरू करायचा. मव्वालला जागाच नाही. गायक आपली सही जिथे करतो, नेमका तोच कोपरा आपण अंगठ्याने पुढे सरकवतो.

बरं, एवढं असूनही अस्सल काम होतंय का? होतंय. आणि बऱ्याचदा राजमार्ग सोडून.

1990 च्या दशकाच्या अखेरीला, यादवी युद्ध संपून काही वर्षं झालेली असताना, यास्मिन हमदान आणि झैद हमदान या दोघांनी 'सोपकिल्स' काढलं. जुन्या अरबी गाण्यांचं सुस्त, धुरकट इलेक्ट्रॉनिक रूप. यास्मिनला तुम्ही पाहिलंही असेल, जिम जार्मुशच्या 'ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह' मध्ये ती गाते. तिचा आवाज स्पर्धेत टिकेल का, शंका आहे. मोठ्या ताना नाहीत, जोर नाही. पण दोन सेकंदांत ओळखू येतो.

2008 मध्ये बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'मश्रू लैला' हा बँड काढला. लेबनीज बोलीतच गाणी, व्हायोलिन, आणि बैरूतच्या तरुणांना जे मनात येतं पण घरी बोलता येत नाही ते सगळं. गायक हामेद सिन्नो समलैंगिक असल्याचं उघडपणे सांगणारे. सगळ्या अरब जगातली मुलं त्यांच्या मागे लागली, ती लेबनीज बोली न बदलता. म्हणजे 'आपली बोली विकत नाही' हे खोटं ठरलं. पण किंमत? 2019 मध्ये बिब्लोसच्या महोत्सवातला त्यांचा कार्यक्रम धमक्यांमुळे रद्द झाला. आयोजक म्हणाले, रक्तपात टाळायचाय. 2022 मध्ये बँड संपला. वेगळं गाणं म्हणजे नुसती आवडनिवड नसते, हे मला इथे कळतं.

'अडोनिस' हा बँड 2011 पासून आहे. त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव 'दव्व एल बलदिये', म्हणजे नगरपालिकेचा दिवा. रस्त्यावरचा, साधा. पॉपच आहे, गुणगुणता येतं, पण पत्ता बैरूतचाच. हिबा तवाजी दुसऱ्या वाटेची. तालीम घेतलेला, ताकदीचा आवाज. मन्सूर रहबानींचा मुलगा उसामा तिचा संगीतकार. ती 2015 मध्ये फ्रान्सच्या 'द व्हॉइस' मध्ये जाऊन आली. म्हणजे स्पर्धाही केली आणि मागे मंडळीही होती. आणि अगदी अलीकडचं हवं असेल तर 'सनम'. सँडी शमून गाते. जुने शब्द, लोकगीतं, आणि त्याखाली गर्जणारं रॉक. ते पॉप नाही म्हणाल, मान्य. पण पॉपला नवं रक्त अशाच कडेच्या लोकांकडून मिळतं.

आणि आता जे पणाला लागलंय ते. 2019 मध्ये लेबनॉनचं चलन कोसळायला लागलं. वर्षानुवर्षं डॉलरला साधारण 1,500 पाउंड होते, ते पुढच्या चार वर्षांत 90 हजारांच्या आसपास गेले. लोकांचे पैसे बँकांत अडकले. 4 ऑगस्ट 2020 ला बैरूतच्या बंदरात स्फोट झाला, दोनशेहून जास्त माणसं गेली. जवळच्या जेम्माय्झे आणि मार मिखाएल या भागांची धूळधाण झाली. हेच भाग बारचे, छोट्या मैफलींचे, कलाकारांच्या अड्ड्यांचे. 2024 मध्ये पुन्हा युद्ध. 'अंघामी' नावाचं म्युझिक ॲप आहे, अर्थ 'माझ्या सुरावटी'. 2012 मध्ये बैरूतमध्ये जन्मलं, स्पॉटिफाय त्या भागात पोचायच्या सहा वर्षं आधी. 2021 मध्ये त्याचंही मुख्यालय अबू धाबीला गेलं.

गायक एकटा फोनवर रेकॉर्ड करू शकतो. गळा सोबत नेता येतो. पण लिहिणारा पॅरिसला, ड्रमर दुबईला, साउंडवाला माँट्रियलला गेला, की ती मंडळी तुटते. रात्री दोनला 'हे नको' म्हणणारा माणूस व्हिडिओ कॉलवर तेवढा स्पष्ट बोलत नाही. म्हणून मला नव्या गायकांवर 'तुमच्यात स्वतःचं काही नाही' असा शेरा मारायला जीभ रेटत नाही. आवाज देशाने दिला. गाणं ज्या खोलीत तयार होतं, ती खोली राहिली नाही.

तरी गाणी येतायत. यास्मिन हमदानने आठ वर्षांनी 2025 मध्ये नवा अल्बम काढला. राहते पॅरिसला, पण अल्बमभर बैरूत आहे.

तर आता तुमच्यासाठी. मला कुणी विचारतं, भाषा येत नाही, मग अस्सल काय ते कळणार कसं? तीन गोष्टी बघा. एक, बीट मनातून काढून टाका, आवाज ओळखू येतो का? दोन, तो मधला स्वर कुठे लागतो का? तीन, गाण्याखाली कवी आणि संगीतकाराचं नाव शोधा, आणि त्याच माणसांचं दुसरं गाणं ऐका. या तिसऱ्या सवयीने तर मराठी गाणीसुद्धा वेगळी ऐकू यायला लागतील, बघा करून.

आणि या आठवड्यात एक करा. एखादं लेबनीज गाणं लावा ज्याच्या सुरुवातीला मव्वाल आहे. फोन उपडा ठेवा. दीड-दोन मिनिटं फक्त आवाज, ताल नाही. पुढे ढकलू नका. बीट येईल, घाई नाही.

काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!